सूत्राचं नाव

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार असशील, तर निदान पहिल्या चार ओळी वाचून फाड. त्या कामाच्या आहेत. तुझा अर्ज आमच्या कार्यालयात पोहोचला. शिक्का मारलेली पोच तुला आठवड्याभरात येईल. नाही आली तर सरळ वृत्तपत्र तक्रार मंडळाला लिही, आमच्या भरवशावर बसू नकोस.

नवा कायदा आल्यापासून प्रत्येक वर्तमानपत्राला एक तक्रार अधिकारी नेमावा लागतो. बातम्यांच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेला आणि कोणाशीही न भांडणारा माणूस त्यांना हवा होता, म्हणून तिथे मला बसवलं. आजवर आलेल्या तक्रारी म्हणजे कोणाच्या आडनावातला काना गेला, कोणाच्या फोटोखाली त्याच्या साडूचं नाव पडलं. काल सकाळी पाकीट फोडलं आणि आत तुझा अर्ज. उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला.

तुझं काम सुटलं हे मला त्यातून कळलं. वृद्धाश्रमात नवे व्यवस्थापक आले, त्यांनी संगणकावर तुझं नाव घातलं आणि अकरा वर्षांपूर्वीची आमची बातमी सगळ्यात वर उघडली, फोटोसकट. ‘मानसिक उपचार घेणाऱ्या परिचारिकेचं चुकीचं इंजेक्शन; बालकाचा मृत्यू.’ ज्या म्हाताऱ्यांना तू नऊ वर्षं भरवलंस, कुशीवर वळवलंस, त्यांच्या मुलांनी दोन दिवसांत तुला घरी बसवलं. अर्जात तू हे सगळं अडीच ओळींत उरकलं आहेस. कुठे रडगाणं नाही. असतं तर वाचायला सोपं गेलं असतं.

अर्ज माझ्या बहिणीचा आहे, मी तो हाताळू शकत नाही, असं मी संपादकांना लगेच सांगितलं. आता तो आमच्या वकीलसाहेबांकडे आहे. संपादक म्हणजे भोंगा. हो, तोच. तेव्हाचा गुन्हे वार्ताहर, ज्याच्या नावाने ती बातमी छापून आली होती. केस गेले, पद आलं, आवाज तोच आहे.

त्या दिवशी पहिलं पान मी लावलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच सांगतो.

धाकटा

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘कामापुरतं लिही.’ अकरा वर्षांनी तुझे दोन शब्द आले, मी तक्रार करणार नाही. कामापुरतं लिहितो.

तुझ्या मागण्या तीन. पहिली, चुकलेल्या बातमीची दुरुस्ती पहिल्या पानावर. दुसरी, नेटवरची जुनी बातमी काढणं. तिसरी, तू गोळ्या घेत होतीस हे आमच्या वार्ताहराला कोणी सांगितलं ते उघड करणं.

पहिल्या दोन्ही भक्कम आहेत. चौकशीचा अहवाल तुझ्या बाजूने आहे: औषधाच्या बाटल्यांना पुरवठादाराकडेच चुकीची लेबलं लागली होती, लेबलावर जे होतं तेच तू दिलंस. तो अहवाल आम्ही छापला होता, पण सातव्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली, चार ओळींत. त्या ओळी मी लिहिल्या होत्या. लिहिल्या बारा, उरल्या चार. आता नियम असा की जखम जिथे केली तिथेच पट्टी बांधायची, तेवढ्याच आकाराची. आणि शेवट न सांगता जुनी बातमी नेटवर टांगून ठेवता येत नाही.

वकीलसाहेबांबरोबर बैठक झाली. मला फक्त कागद पुरवायला बोलावलं होतं.

“बाई गोळ्या घेत होत्या का?” त्यांनी विचारलं. “घेत होत्या. मग खोटं काय छापलं आपण?”

मी गप्प बसायचं होतं. बसलो नाही. म्हटलं, “साहेब, बदनामीच्या दाव्यात हे उत्तर चालेल. पण ही तक्रार खासगी गोष्ट उघड केल्याची आहे. तिथे गोष्ट जितकी खरी, तितकी आपली चूक मोठी.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही नक्की कोणाच्या बाजूला बसलाय?”

“खिडकीच्या,” मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

तिसऱ्या मागणीचं मात्र सांगतो. सूत्राचं नाव सांगायला वर्तमानपत्रावर कोणी सक्ती करू शकत नाही, मंडळसुद्धा नाही. ज्याला नाव गुप्त ठेवायचा शब्द दिला, त्याचं नाव गुप्तच राहतं. वकीलसाहेबांनी भोंग्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, “मी ते बायकोला सांगितलेलं नाही, तुम्हाला काय सांगणार?” जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

तेव्हा ताई, त्या मागणीचा नाद सोड. पहिल्या दोन मिळतील. तिसरीतून तुझ्या हाती काय लागणार? जे झालं ते झालं.

हे शेवटचं वाक्य कामाचं नाही. खोडलं असं समज.

धाकटा

११ मार्च

ताई,

परवा छोटीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. आवाज ओळखलाच नाही मी, केवढी मोठी झाली. मला वाटत होतं अजून शाळेचं दप्तर घेऊन फिरते. तिने विचारलं, “मामा, आई सुनावणीत डॉक्टरमावशीचं नाव घेणार आहे. शिवाय वैद्यक परिषदेकडे वेगळी तक्रार करायचं म्हणतेय. डॉक्टरमावशीचा परवाना जाईल का?”

तुझा हिशोब मला कळतो. भावोजी गेल्यानंतरचं ते वर्ष. झोप नाही, जेवण नाही. उपचार तुझ्या लहानपणच्या मैत्रिणीने केले, गोळ्या तिनेच लिहून दिल्या. बातमी आली त्या दिवसापासून तू तिचं तोंड पाहिलं नाहीस. ‘जिच्या वहीत माझं दुखणं लिहिलेलं, तिनेच ते बाजारात नेलं,’ असं तू तेव्हा म्हणाली होतीस.

काल दुपारी मी तिच्या दवाखान्यात गेलो. दोन खुर्च्या, एक वजनकाटा, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. तिचे केस सगळे पांढरे झालेत. मी नंबर लावून बसलो. माझी पाळी आली तेव्हा तिने ओळखलं, स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तुला काही झालेलं नाही ना?”

मी परिषदेच्या तक्रारीचं सांगितलं.

“करू दे,” म्हणाली. “तिच्या जागी मी असते तर मीही केली असती.”

“पण तुम्ही सांगितलं नव्हतं, हे तुम्ही सिद्ध करा ना. बोला काहीतरी.”

“कसं करू? माझी बाजू मांडायची तर तिची फाइल दाखवावी लागेल. कधी आली, काय बोलली, काय दिलं. एकदा बाहेर पडलं ते पुरे नाही झालं?” मग म्हणाली, “मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटतं रे. अकरा वर्षांत तिने मला एकदाही विचारलं नाही, तू सांगितलंस का म्हणून. विचारलं असतं तर मी ‘नाही’ म्हणाले असते, आणि तिचा विश्वास बसला असता. आमची ओळख तेवढी होती.”

बाहेर दोन पेशंट थांबले होते. तिने मला दारापर्यंत सोडलं.

ताई, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. तक्रार करू नकोस. मला कसं माहीत, ते विचारू नकोस. मला माहीत आहे.

धाकटा

१२ मार्च

ताई,

कालचं पत्र टाकून घरी आलो आणि जेवता आलं नाही. ‘विचारू नकोस’ असं मी तुला लिहितो! मला लाज कशी वाटली नाही!

मी सांगितलं होतं.

आता सगळं क्रमाने लिहितो. मध्ये थांबलो तर पुढे लिहून होणार नाही.

ते मूल जाऊन दोन दिवस झाले होते. दुपारी कॅन्टीनमध्ये आम्ही सात-आठ जण होतो. कोणीतरी म्हणालं, नर्स पिऊन आली असेल. दुसरा म्हणाला, फोनवर बोलत इंजेक्शन भरत असेल. ती माझी बहीण आहे हे तिथे फक्त भोंग्याला माहीत होतं. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, “नवरा गेला तिचा, वर्षभर गोळ्या घेऊन उभी आहे, तरी एक ड्यूटी चुकवलेली नाही. तिच्याबद्दल बोलू नका.” मला वाटलं मी तुझी बाजू घेतली.

इथपर्यंतची गोष्ट मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहे की ती गुळगुळीत झाली आहे. भावाने रागाच्या भरात बहिणीची बाजू घेतली, आणि एका वार्ताहराने त्याचा गैरफायदा घेतला. ही गोष्ट मला सोयीची होती. ती पुरी नाही.

पाच वाजता माझ्या टेबलावरचा फोन वाजला. भोंगा वरच्या मजल्यावरून बोलत होता. हळू. त्याला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. “गोळ्यांचं मघाशी म्हणालास ते बातमीत घेऊ का? तुझी बहीण आहे. तू नको म्हणालास तर घेत नाही.”

ताई, त्याने विचारलं होतं. अकरा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. त्याने मला विचारलं होतं, आणि ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द होता.

मी म्हणालो, “माझं नाव येऊ देऊ नकोस.”

‘छापू नकोस’ असं म्हटलं नाही मी. फक्त माझं नाव नको म्हणालो. का, ते हजार वेळा शोधलं. आजारी आहे म्हटल्यावर लोक तुला दोष कमी देतील, कीव करतील, असं थोडं वाटलं होतं. पण तेवढंच असतं तर तुला फोन करून विचारलं असतं. दुसरं कारण सांगायला जड जातं. इतका मोठा वार्ताहर, ज्याच्या बातम्यांवर आमचा अंक चालायचा, तो माझी परवानगी मागत होता. सहा वर्षं मी त्याच्या बातम्यांतले स्वल्पविराम नीट करत होतो. त्या दिवशी पहिल्या पानाची बातमी माझ्यापाशी अडली होती. मला बरं वाटलं. तुझ्या दुखण्यावर उभं राहून मला दोन मिनिटं बरं वाटलं.

फोन ठेवला. त्या पानासमोर बसवेना. डोकं दुखतंय सांगून घरी गेलो. म्हणूनच पहिलं पान मी लावलं नाही. हे वाक्य मी तुला दोनदा ऐकवलं, ते खरं आहे, आणि खरं असून त्यात किती खोटं आहे ते आता तुला कळेल.

तू डॉक्टरांशी बोलणं तोडलंस तेव्हा मी पाहत होतो. तोंड उघडलं असतं तर तुला मैत्रीण परत मिळाली असती. त्याऐवजी मी मनात म्हणालो, बरं झालं, माझ्यावर संशय नाही. तरीही तू मला तोडलंस ते मी त्या वर्तमानपत्रात टिकून राहिलो म्हणून. त्याहून जास्त तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

भोंग्याने दिलेला शब्द त्याला मोडता येत नाही, आणि त्याने तो मोडला नाही. पण ज्याला शब्द दिला तो स्वतः उठून बोलू शकतो. सुनावणीला मी येणार आहे. तुझ्या शेजारी बसणार नाही, घाबरू नकोस.

धाकटा

९ एप्रिल

ताई,

सुनावणीत तू होतीस, तेव्हा तुला काय सांगायचं? तरी लिहितो, कारण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही, आणि निकालातला एक मुद्दा तुझ्यावर अवलंबून आहे.

आदल्या दिवशी मी भोंग्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “शब्दातून तुला मोकळं करतो.” तो खुर्चीतून उठला, दार लावलं आणि पुन्हा बसला. म्हणाला, “अकरा वर्षं वाट पाहिली.” मग म्हणाला, “मलाही कळायला हवं होतं रे. भावाने हो म्हटलं म्हणजे बाईने हो म्हटलं असं होत नाही. मी तिला एक फोन केला नाही.” वकीलसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

ती खोली मी मोठी कल्पिली होती. निघाली शाळेच्या वर्गाएवढी. लोखंडी कपाटं, कुरकुरणारा पंखा, लांब टेबलामागे तिघं. मधल्या निवृत्त न्यायाधीशबाईंनी कागद वाचले आणि मला विचारलं, “आपण इथे कोण म्हणून उभे आहात? वर्तमानपत्राचे अधिकारी म्हणून?”

“नाही. सूत्र म्हणून.”

“अर्जदारांशी नातं?”

“धाकटा भाऊ.”

तुझी मान खालीच होती. छोटीने वर पाहिलं. तिचे डोळे हुबेहूब भावोजींचे आहेत, मला पुढचं वाक्य आठवेना. तरी सगळं सांगितलं, पाच वाजताच्या फोनसकट.

मग न्यायाधीशबाईंनी तुला विचारलं, काही विचारायचं आहे का. तू उभी राहिलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, “त्याला विचारा, बातमी आली त्या सकाळी तो माझ्याकडे आला होता. शेजाऱ्यांच्या दारातला पेपरसुद्धा उचलून पिशवीत लपवला. तासभर माझ्यासमोर बसला. तेव्हा सांगायला काय झालं होतं?”

मी आठवडाभर बरीच उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही या प्रश्नाचं नव्हतं. “धीर झाला नाही,” एवढंच म्हणालो. लघुलेखकाने ते टाइप केलं. कागदावर फारच छोटं दिसलं ते.

बाहेर बाकावर डॉक्टर बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस. मी जिन्याकडे वळलो. तुमचं काय बोलणं झालं ते माझं ऐकायचं नव्हतं.

निकाल काल आला. दुरुस्ती पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या मथळ्याने. नेटवरच्या बातमीतून तुझं नाव, फोटो आणि आजारपण काढायचं, आणि वर चौकशीचा निष्कर्ष द्यायचा. वृद्धाश्रमाला मंडळ स्वतः पत्र पाठवणार. वकीलसाहेबांचं म्हणणं होतं मला काढून टाकावं. भोंगा म्हणाला, “त्या बातमीत आम्ही दोघं होतो, काढायचं तर दोघांना काढा.” आवाजामुळे असेल, विषय तिथेच संपला. माझं तक्रारीचं काम मात्र गेलं, आणि ते योग्यच झालं. आता मी रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं तपासतो.

आता तुझ्यावर अवलंबून असलेला मुद्दा. दुरुस्तीचा मजकूर अर्जदाराला दाखवून, तिची संमती घेऊनच छापायचा आहे. लिहायचं भोंग्याने माझ्यावर टाकलं. सोबत मसुदा आहे. समास मुद्दाम मोठा सोडलाय. हवं ते खोड, हवं ते लिही. मुळीच नको असेल तर तसं सांग, दुसरं कोणीतरी लिहील.

धाकटा

२४ एप्रिल

ताई,

आजचा अंक सोबत आहे. पहिलं पान, वरचा डावा भाग. काल संध्याकाळी सात वाजता ते पान मी स्वतः लावलं. पुरवणीच्या माणसाला तिथे काय काम, असं कोणी विचारलं नाही.

तुझ्या दुरुस्त्या सगळ्या घेतल्या. मी ‘अत्यंत दिलगीर’ लिहिलं होतं, ‘अत्यंत’ तू खोडलंस. ‘त्रुटी राहून गेली’च्या जागी ‘चूक केली’ लिहिलंस. बरोबर आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सुधारणाऱ्याला ते सुचायला हवं होतं. आणि समासात तू एक वाक्य वाढवलंस: ‘आपलं मूल कशामुळे गेलं, हे त्याच्या आई-वडिलांनाही पहिल्या पानावर कळायला हवं होतं.’ मी ते तीनदा वाचलं. इतक्या वर्षांत, ताई, मी तुझा विचार केला, माझा तर रोज केला. त्या दोघांची मला एकदाही आठवण झाली नव्हती. भोंग्याने ते वाक्य पाहिलं आणि खिशातून रुमाल काढला.

सकाळी छोटीचा फोन आला. म्हणाली, “आई पेपर घेऊन डॉक्टरमावशीकडे गेलीये. मला म्हणाली जेवायला थांबू नकोस.”

आता शेवटची दुरुस्ती. मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘ही खासगी माहिती अर्जदारांच्या परिचयातील एका व्यक्तीने दिली होती. त्यांच्या डॉक्टरांचा याच्याशी संबंध नव्हता.’ वकिली वाक्य होतं, माझ्याच हातून आलं. तू ‘परिचयातील एका व्यक्तीने’ यावर रेघ मारलीस. रेघ इतकी दाबून की कागद मागच्या बाजूने उठलाय. आणि वर लिहिलंस, ‘माझ्या भावाने’.

बातमीत ‘माझ्या’ चालत नाही. तिथे ‘त्यांच्या’ करावं लागलं. तुला न विचारता केलेला तेवढा एकच बदल.

मूळ कागद नियमाने तुला परत पाठवायला हवा. तुझी हरकत नसेल तर तो मी ठेवून घेतो.

धाकटा